ळ मिळत नाही

कोपरखैरणे, माथाडी वसाहत, मागची ओळ.
जेवणं उरकली की पीठ मळायची परात
धुऊन पुसून बाहेरच्या खोलीत येते
आणि तिच्यात मणी ओततो.
काठ उंच, त्यामुळे पळत नाहीत.

अक्षरांचं पाकीट इंग्रजी, पाचशे नग.
त्यात क्यू फार, एक्स फार, झेड तर मूठभर.
आणि ए तिसऱ्या नावातच संपतो.
आपल्या नावांना श्वासाश्वासाला ए लागतो,
हे पाकीट भरणाऱ्याला कोण सांगणार?
व्ही उलटा ओवून दोनदा वेळ मारून नेली.
तिसऱ्यांदा वाशीची बाई म्हणाली,
अहो, ही माझी अन्वया आहे
की करवतीचे दाते?

समोर भिंतीला पाठ लावून तात्या, माझे सासरे.
कांदा-बटाटा मार्केटात अडतीस वर्षं पोती वाहिली,
आता रंग निवडतात.
निळ्यातून मोरपंखी, जांभळ्यातून वांगी.
मणी चिमटीत धरला की मधेच थांबतात,
बोटं उघडून बघतात, आहे का गेला.
"वजनच लागत नाय गं हाताला."
मग स्वतःशीच हसतात,
"आधी पोतं, आता पोत."
मधलं टिंब तेवढं गळालं,
मण्याएवढं.

मंगळवारी सीवूड्सहून ऑर्डर आली.
बारसं आहे, पणजीचं नाव ठेवतोय,
मराठीतच हवं: मंजुळा.
मी सांगितलं, हातात घालू नका, बाळ गिळेल,
पाळण्याला बांधा.
आणि ठाण्याला गेले, जांभळी नाक्याला.
तिथे एकाकडे देवनागरीचा डबा आहे,
काना सुटा, मात्रा सुटी,
पडलेल्या दातांसारख्या.
सगळा उपसला. ळ नाही.
"ल लावा की ताई, कोण वाचतंय."

खरं सांगते, मी ल लावला होता.
गाठ मारणार इतक्यात तात्यांनी
एकेक मणी अंगठ्यानं सरकवत वाचलं.
"मंजुला? ही कोण आणखी?"

मग कोरा पांढरा मणी, सुईचं टोक,
नणंदेची वाळत आलेली काळी नेलपॉलिश.
पहिला ळ फुटला, दुसऱ्याचा झाला ठ,
पाचवा बरा होता, तर शिंक आली.
नववा काढताना लक्षात आलं,
हे अक्षरच मुळात दोन मणी आहेत
शेजारी शेजारी, एका दोऱ्यात.
अकरावा जमला.
दहा मणी वाया, दीड तास वाया,
दर तोच, एकशे वीस.

शुक्रवारी सकाळी परातीत एक माळ.
बटाट्याच्या रंगाचे मणी, कुणी न घेतलेले,
आणि मधोमध चार आकडे: ४, १, ७, ६.
मी फोन चाळला. कुणाची तारीख? गाडीचा नंबर?
कुणी मागितलं नव्हतं.

दुपारी ट्रंकेतून नातवाचा दाखला काढताना
पितळेचा बिल्ला हाताला लागला,
कडा झिजलेला.
टोळीत तात्यांच्या नावाचे तिघे होते.
मुकादम नंबरच पुकारायचा.

"ते माझंय," तात्या म्हणाले,
"हिशोबात धरू नको."
मनगटात जाईना. दोरा वाढवावा लागला.
दोरा तुटला की बाया वाढला म्हणतात, तसा नव्हे,
खराच वाढवला, दोन बोटं.

काल सीवूड्सचा फोटो आला.
पाळणा, जरीचं टोपडं, कुणाचा तरी कोपर.
माळ नेमकी उलटी फिरलीय,
म, जु, सगळं मागे गेलंय,
पुढे एकटा ळ.
तात्यांनी फोन हात लांब करून धरला,
बराच वेळ. मनगटावर ४१७६.
"थोडा वाकडा आलाय," म्हणाले.

आलाय थोडा.