चारशेची लेन्स

डेस्कवरून फोन: लाट इमारतीएवढी हवी.
होते तशी. गुडघ्यावर बसायचं, लांबची लेन्स लावायची,
मागचे टॉवर आपोआप पुढे सरकतात
आणि कमरेइतकं पाणी सहाव्या मजल्यावर चढतं.
अठरा वर्षं मी असंच उधाण वाढवत आलोय.

आज वेसाव्याला त्याची गरज नव्हती.
वादळ अजून दोनशे किलोमीटर लांब,
तरी धक्का थरथरत होता, कुत्री गायब,
वलांड्यांवरचे बोंबील बायका ओरबाडत होत्या,
वाळलेले, न वाळलेले, सगळे एकाच ताडपत्रीत.
पाण्याचा रंग नासक्या चहाचा.
लाटांनी परत आणलेलं: थर्माकोल, चपला,
एक अख्खी प्लास्टिकची खुर्ची, बसायला तयार.

कॅमेऱ्याला दुधाची पिशवी, रबरबँडने.
काच पुसायला बनियन, तोही भिजलेला;
मिठानेच मीठ पुसत होतो.
मोजत होतो: पाच बारक्या, दोन मधल्या, मग ती.
ती उठत होती. मी श्वास धरला

आणि खांद्यावर हात पडला. ओला, जड.
"दादूस, यातून लांबचा दिसतं ना?"
धुरपदी भानजी. होडी 'हिंगळाकृपा', हिरव्या पट्ट्याची,
इंजिन बिघडलेलं, मढच्या बाजूला नांगरलेली.
पोरगा तिच्यावरच थांबलेला, दोर सांभाळत.
"फोटू नको. नुसता बगू दे मना."

लेन्सचं वजन मी पेललं.
तिने आधी चुकीचा डोळा लावला, मग बरोबर.
लेन्स समुद्रावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.
तेवढ्यात ती आली.
अठरा वर्षांत पहिल्यांदा मी लाट उघड्या डोळ्यांनी पाहिली.
तिला चौकट नव्हती. कुठे संपते ते कळेना.
दोघंही नखशिखान्त भिजलो.
धुरपदी हलली नाही.

"हाय," ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, "दोनी दोर हायेत."
आणि पोरगा?
ती बोलेना. मी हात बदलला. लेन्स जड व्हायला लागलेली.
"विडी पेटवतंय मेला," म्हणाली. "पेटंना."
आणि ताडपत्रीकडे पळाली.

डेस्कला नंतरची एक लाट पाठवली, बरीशी.
पान तीन. मथळ्यात 'रौद्र'.
जून संपत आला,
व्ह्यूफाइंडरच्या रबराला बोंबलाचा वास आहे अजून.
बायको म्हणते, स्पिरिटने पूस.
पुसतो म्हणालोय.