आठ आणि आठ आठ

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सवाल्याच्या वरती माझं दुकान.
पाटीवरचा 'कॉ' दोन वर्षांपूर्वी गळून पडला,
तेव्हापासून लोक 'म्प्युटर' असाच पत्ता सांगतात.

तिथे हे दोघे आले, जानेवारीतल्या एका शनिवारी,
कानाला मफलर, हातात चिवड्याच्या दुकानाची पिशवी.
लोकेश खैरनार, वसीम पिंजारी.
अंबडला एकाच कारखान्यात, शिफ्ट मात्र उलट्या.
उत्तमनगरात एक खोली, एक गादी, एक कॉम्प्युटर.
गादी आणि कॉम्प्युटर
कधी थंड पडत नाहीत, लोकेश म्हणाला, आणि स्वतःच हसला.

पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली
दोन ग्राफिक्स कार्डं निघाली.
एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, दोन्ही वापरलेली,
एक नाशिकरोडहून घेतलेलं, एक मालेगावच्या मामेभावाचं.
"दोन्ही बसवा भाऊ. डबल पळेल."

मी स्टूल पुढे केलं.
वर्षातून चार-पाच जणांना मी हे समजावतो,
चहा सांगून, म्हणजे ऐकून घेतात.

हे बघा. याची मेमरी आठ, त्याची आठ,
बेरीज सोळा नाही. आठच.
कारण दोघांनाही तेच डोक्यात ठेवावं लागतं,
तीच भिंत, तोच रस्ता,
गोळी झाडणाऱ्याची तीच टोपी.
एक चित्र हा काढणार, पुढचं तो,
ज्याचं आधी झालं तो दुसऱ्यासाठी थांबणार,
आणि ते थांबणं डोळ्यांना टोचतं.
आकडा वाढतो,
खेळ मात्र त्र्यंबक नाक्यावरच्या रिक्षासारखा
पुढे, ब्रेक, पुढे, ब्रेक.
नवे खेळ तर एकालाच ओळखतात,
दुसरं नुसता पंखा फिरवत बसतं.
वरच्याला खालच्याची गरम वाफ. सप्लाय मोठा लागेल.
बिल येईल ते वेगळंच.
दोन्ही विका, पदरचे चार-पाच हजार घाला,
एकच दणकट घ्या. परवडेल.

पिंजारी तोवर गप्प होता,
बशीतला चहा निववत.
मग म्हणाला,
"एकच घेतलं, तर ते कोणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर
कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

बसवली दोन्ही.
सप्लाय माझ्याकडचाच गळ्यात मारला, खोटं कशाला बोलू,
त्यात मला सातशे सुटले.
लावून दाखवलं: एकावर अठ्ठावन्न, दोघांवर त्रेसष्ट.
पाच फ्रेमसाठी एवढा खटाटोप,
आणि ज्या खेळासाठी आले होते
त्यात पुन्हा अठ्ठावन्न.
"चालेल," दोघेही एकदमच म्हणाले.
जिन्यावरून कॅबिनेट उतरवताना
आधी कोण धरणार यावर त्यांचं भांडण ऐकू येत होतं.

परवा पिंजारी एकटाच आला.
कॉम्प्युटर दुचाकीवर, पायांमध्ये, चादरीत बांधून.
तापतो म्हणाला, मध्येच बंद पडतो.
खैरनार चाकणला गेला, दिवाळीनंतर.
फोन करतो. कधी कधी.

झाकण उघडलं. आत धूळ,
कुठूनसं आलेलं द्राक्षाचं सुकलेलं देठ,
आणि खालच्या कार्डावर मार्करने लिहिलेला 'ख'.
हे काढतो, मी म्हटलं,
वरच्याला हवा मिळेल. तसंही काही करत नाही ते.
गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, दीड हजार देईल.

त्याने 'ख'कडे पाहिलं, मग पाटी नसलेल्या खिडकीकडे.
"राहू द्या.
त्याच्याकडून अजून दोन महिन्यांचं भाडं यायचंय."

मी ब्रश घेतला.
पंख्याची सात पाती, मग दुसऱ्याची सात,
दोन्हीवर नवी पेस्ट, दोन्हीचे स्क्रू आवळले.
पैसे एकाचेच लावले.