अस्पष्ट

महाप्यात रस्त्याच्या या बाजूला आमची इमारत,
त्या बाजूला ती, खिडक्या नसलेली.
तिच्यात माणसं नाहीत, नुसती थंडी.
रात्रभर घुमत असते
झाकण लावून ठेवलेल्या गिरणीसारखी.

मी हर्षला मढवी, आयडी चार हजार एकवीस.
कानावर हेडफोन, समोर चार बटणं:
स्पष्ट. अस्पष्ट. गोंगाट. परकी भाषा.
एका आवाजाचे पंचाहत्तर पैसे,
चूक निघाली तर मागच्या दहांचेही परत.

अशी मी यंत्राला मराठी शिकवते.
खोकला वेगळा काढते, कुकरची शिट्टी वेगळी.
कुणी रडलं तर कंसात 'रडणं' लिहायचं,
आणि किती वेळ, ते सेकंदात.

तिसऱ्या मजल्यावर व्हिडिओ येतात.
तिथला जयदीप डबा उघडतो
भिंतीकडे तोंड करून.
काय पाहिलंस, कुणी विचारत नाही;
करारावर त्याची सही आहे, आमचीही.
परवा लिफ्टमध्ये एवढंच म्हणाला,
'पिल्लू होतं, कुत्र्याचं.'
आणि मजला आला.

काल तीन वाजून गेल्यावर एक म्हातारी.
बँकेच्या यंत्राशी बोलत होती:
'बाला, जरा हलू बोल, मना कल्ला नाय.
माजे पेन्शनीचा काय झाला?'
यंत्र म्हणालं, मराठीसाठी दोन दाबा.
'मराठीच बोलतंय ना मी?'
मागे कोंबडा आरवला, कुणीतरी बादली आपटली.
मला हसू आलं. मग वाटलं,
ही आमच्याच घणसोलीतली नसेल कशावरून?

नियम सातवा:
प्रमाण शब्द न सापडल्यास 'अस्पष्ट'.
मला तर तिचा श्वाससुद्धा कळला होता.
ळच्या जागी ल, णच्या जागी न,
जसंच्या तसं लिहून काढलं सगळं.
मग आठवलं, गेल्या महिन्यात असंच लिहिलं
तेव्हा साडेसातशे कापले होते,
शेरा होता: शुद्धलेखन.
साडेसातशेत सिलिंडर थोडक्यात हुकतो.
खोडलं. दुसरं बटण दाबलं.
पंचाहत्तर पैसे.

सुटले तेव्हा समोरच्या थंड इमारतीबाहेर
पाण्याचे टँकर लागले होते, ओळीनं चार.
घरी नळ कोरडा. आई ओट्यावर,
रिकामी कळशी मांडीशी धरून,
जशी काही ती रांगेतच आहे.
'रातभर काय ऐकतेस गो? कान बघ कसे लाल झाले.'

म्हटलं, 'काय नाय.
नीट ऐकूच नाय आला.'