जुना हिरवा

मुरार छावणीच्या लिलावातली ही जीप
शितोळ्यांच्या पोरानं आधी चकचकीत करून आणली होती.
पोपटी. वरातीला शोभेल अशी.
मग कुणीतरी हसलं असेल त्याला.
आता म्हणतो, काका, पुन्हा जुनी करून द्या.

चाळीस वर्षं मी लष्करात पाट्या रंगवल्या,
फौजेत नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्करात,
दौलतगंज ते नया बाजार:
दवाखाने, दूध डेअऱ्या, उधार बंद.
नवं करायचे पैसे घेतले सगळ्यांकडून.
जुनं करायचे कसे मागतात,
फुटानं की वर्षानं?

खरा रंग सापडला हत्यारांच्या पेटीखाली.
गॅरेजवाल्यानं तिचे स्क्रू सोडलेच नव्हते.
तळहाताएवढा तुकडा, ऊन न पाहिलेला.
शेवाळी नाही, मेंदीचाही नाही.
सालाचे मूग रात्रभर भिजले
की सकाळी पाण्यावर साल तरंगतं, त्याच्या जवळपासचा.
काळा, पिवळी माती, लाल चिमूटभर.
पांढरा अजिबात नाही.
पांढरा ऊन घालतं, रंगारी नाही.

खाली तपकिरी अस्तर दिलं,
त्यावर पाण्याचा हात, त्यावर खडेमीठ,
वरून हिरवा.
वाळल्यावर मीठ झाडलं
तर टवके अगदी हुबेहूब.
आणि साफ खोटे.
मीठ कुठंही पडतं.
झीज कुठंही पडत नाही.

सगळं पुसून काढलं टर्पेंटाइननं.

मग ठाटीपूरहून ई-रिक्षात घालून आणला
नायक जगरूप भदौरिया, वय ब्याऐंशी,
याच गाडीवर नऊ वर्षं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हिरवा-निळा त्याला आता एकच.
म्हटलं, रंग सांगू नका, फक्त बसा.
काठी माझ्याकडे देऊन तो चढला
आणि जिथं जिथं त्याचं अंग पत्र्याला लागलं
तिथं तिथं मी खडूनं खूण करत गेलो.

उजवं कोपर, इथं. उतरताना टाच, इथं.
चढताना पकडायची कड; बोटं चार,
अंगठा कधीच नाही.
मागच्या हुकाला बादली लटकायची,
तिच्या काठानं घासून उमटलेली चंद्रकोर.
बॉनेट तापलेलं असे, त्यावर चहाचे पेले.
शेडमध्ये तोंड उत्तरेला,
म्हणजे दुपारचं ऊन डाव्या अंगाला.
तिथं मात्र मला पांढरा घालावा लागला,
नऊ उन्हाळे एका दुपारी.

उजव्या मडगार्डवर लांबी फार जाड होती.
आदल्या दिवशी मी खरवडली,
तर खाली खोलगा, वाटीएवढा.
भदौरिया पत्रा चाचपत चाचपत तिथवर आला
आणि थांबला.
रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. त्याला भाडं चढत होतं.
म्हाताऱ्यानं हात धोतराला पुसला,
हाताला काही लागलेलं नसताना.
"ये रहने दो," म्हणाला. मग थोड्या वेळानं,
"इतना मत बनाना."

मी विचारलं नाही.
गाय असेल. सायकल असेल.

पुढचे बारा दिवस मी पॉलिश पेपर आणि पाणी,
गोणपाट, टाल्कम पावडर,
कोपरासाठी स्वतःचं कोपर.
शेजारच्या दर्ज्याला वाटलं, मला वेड लागलं,
बसतो, उतरतो, बसतो.
सगळ्यात शेवटी मडगार्ड.
खोलगा पुन्हा भरला, पातळ हातानं, सात वेळा,
आणि त्यावर तो मुगाच्या सालाचा हिरवा,
जसाच्या तसा, ऊन न पाहिलेला.
ओरखडा नाही. बोट नाही. तारीख नाही.

पोरगा खूश झाला. फोटो काढले, वाकून, झोपून.
मग म्हणाला, काका, एवढंच का हो नवं दिसतंय?
म्हटलं, ते आधीपासून तसंच होतं.

पैसे फुटानंच घेतले.
तेवढी जागा मोजली नाही.