नळीमागच्या रेघा

रैजो उसेंडीचा अंगठा मशीन घेत नाही.
रेशनच्या दुकानात नाही, दवाखान्याच्या खिडकीतही नाही.
फडक्यानं पुसून झाला, खोबरेल लावून झालं,
शेवटी तिनंच हात मागं घेतला.
"तेंदूपत्ता तोडून तोडून गेल्या त्या रेषा, बाबू,
आता कोठून आणू?"

मी लॅबवाला. माझ्याकडं अंगठ्याचं काम नसतं.
अनामिका, एक टोचणी,
थेंब नळीत, पाच मिनिटं गप्प,
मग नळी धरायची काळ्या रेघांच्या कागदापुढं.
रेघा दिसल्या तर घरी.
नाही दिसल्या तर
बसा.

त्या दिवशी तिच्या नळीतून दिसल्या नव्हत्या.
सुकरूच्याही नाही. सात वर्षांचं पोरगं,
बाकावर गुडघे कवटाळून.
पुढचं गडचिरोलीहून कळलं, अकरा दिवसांनी:
तिचं अर्धं, त्याचं पूर्ण.

कार्डावर पेशीचं चित्र आहे. मी म्हणतो, विळ्यासारखी.
ती कार्ड फिरवून बघते.
"याले तं मूठच नाही."

मग मी न विचारलेलं सांगत सुटतो.
हे गाव गाव नव्हतं तेव्हाची गोष्ट,
कुणा बाईचा हिवताप उतरला,
शेजारच्या झोपड्यांतला नाही उतरला.
तिच्या रक्तात एक अक्षर चुकलेलं होतं.
ती चूक जगली, लेकुरवाळी झाली.
एकीकडून आली तर राखण,
आईबाप दोघांकडून आली तर
सुकरूचे गुडघे.

रैजो ऐकते. "म्हंजे आमचं कोणीतरी वाचलं होतं.
मंग त्याची वसुली
या पोराकडून कायले?"

पाच वर्षांमागं पुण्याहून दोन जीपा आल्या होत्या.
चारशे बारा नळ्या थंड पेटीत गेल्या.
बर्फ मीच आणला, भुशाच्या पोत्यात, फटफटीवर.
हिचा दंडही मीच बांधला होता.
त्यांच्या नकाशावर आता या डोंगरांवर गडद ठिपका आहे,
कोण कुठून चालत आलं, त्याचे बाण आहेत.
परतीचा एकही नाही.
रक्ताला बर्फ लागतो, तरी ते पोचलं.
गोळीला लागत नाही.
फेब्रुवारीपासून फडताळ रिकामं.

रजिस्टरात रकाना आहे: ओळख पटली का.
मी पेन धरून बसलोय.

सुकरू लंगडत टेबलाशी येतो,
कागदावरच्या रेघांवर बोट ठेवत जातो.
नळी मध्ये नसली की सगळ्या दिसतात.
"सात," म्हणतो.
मी मोजून बघतो. सातच.
इतक्या वर्षांत
मोजल्याच नव्हत्या.