आठ गुणांचा प्रश्न

पेपर चौथा: पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट.
लोमटे सरांनी फळ्यावर लिहिलं, खडू तुटला,
आणि विचारलं, मराठीत काय म्हणाल?
सत्ता, म्हणाली नाजनीन. ताकद, कुणीतरी मागून.
बालाजी म्हणाला, सर, पावर म्हणजे थ्री फेज,
आमच्या शिवारात रात्री दोनला येते.
वर्ग हसला. सरांनी चष्मा काढून दाखवला:
ह्यालाही पॉवरच म्हणतात,
आणि माझी दरवर्षी वाढते.
कॉन्फ्लिक्टचं कुणीच काही बोललं नाही.
तास संपला.

नोट्स झेरॉक्सच्या, अंबाजोगाईच्या मोंढ्यातून,
दीड रुपयाला पान, कडेच्या ओळी कापलेल्या.
पहिल्या कवितेत एक सेनापती
जिंकलेल्या शहरातले दरवाजे मोजतो.
दुसरीत सैनिक येतात,
आणि एक बाई भिंतीवरचं घड्याळ
पिठाच्या डब्यात लपवते.
तेवढंच. सैनिक घरभर फिरतात,
पीठ टिकटिकत राहतं.
प्रश्न ठरलेला: कवयित्री तणाव कसा निर्माण करते?
गुण आठ.

गयाआत्या होस्टेलच्या मेसवर भाकरी थापते,
वेळेला सव्वाशे. मी तिच्या चुलीपाशी बसून
मोठ्यानं पाठ करते, आधी इंग्रजीत,
मग तिच्यासाठी मराठीत.
सेनापती तिनं ऐकून घेतला,
रेडिओवरचे बाजारभाव ऐकावेत तसा.
घड्याळाशी आले, आणि काठवटीतला हात थांबला.
"मग? घावलं का त्यांला?"
कवितेत नाही सांगितलं, आत्या.
"कामून?"
सर म्हणतात, ओपन एंडिंग.
तव्यावरची भाकरी करपली होती. तिनं ती बाजूला टाकली.

"माझ्याकडं कोंबडी होती," म्हणाली.

अठ्ठ्याहत्तर साल, आखाड सरत आलेला.
आत्या दहा वर्षांची.
वस्तीला आग लागली तेव्हा ना, मी विचारलं.
"लागली म्हनू नको. लावली म्हन."
मी व्याकरण शिकणारी, मीच चुकले.

नाल्यात, घाणेरीच्या जाळीत बसले होते सगळे.
वरून माणसं गेली, बॅटऱ्या मारत,
त्यातले दोन आवाज ओळखीचे.
आत्याच्या परकराच्या ओच्यात कोंबडी.
"बोलली न्हाई ती.
कोंबडी असून बोलली न्हाई.
तिचं काळीज तेवढं माझ्या पोटाला लागत व्हतं."

वही मांडीवर उघडी होती. लिहिलं काहीच नाही.
मग कोंबडीचं काय झालं?
"तिसऱ्या दिशी कापली. खायला काय व्हतं?"
आणि तिनं पुढचा गोळा घेतला.

परीक्षेच्या सकाळी तिनं हॉलतिकीट मागितलं.
वाचता येत नाही तिला.
पण वर विद्यापीठाचं लांबलचक नाव असतं,
त्यातला एक शब्द ती आकारावरून ओळखते,
लांबून येणारं माणूस चालीवरून ओळखावं तसा.
त्याच्यावर तिनं बोट टेकवलं, पिठाचं.
"ह्याच्यापायी," म्हणाली,
आणि चुलीत लाकूड सरकवलं.

हॉलमध्ये पर्यवेक्षकानं तिकीट उचललं,
नावावरचं पीठ फुंकरीनं उडवलं, सही केली.
प्रश्न घड्याळाचाच आला.
प्रतिमा, ध्वनी, अनुप्रास,
गाइडमध्ये आहे तसं सगळं लिहिलं, दीड पान.
मग पंखा मंदावत मंदावत थांबला.
पावर गेली, कुणीतरी पुटपुटलं.
सत्तर पेनं कागदावर घासत राहिली.

मी एक ओळ सोडली.
कोंबडीला हेन, एवढं येत होतं.
काळजाला हार्ट लिहिलं. खोडलं.
खाटकाच्या दुकानात काळीज म्हणतात
ते लिव्हर. तेही खोडलं.
आत्याच्या पोटाला जे लागत होतं
त्याला इंग्रजीत काय म्हणावं,
हे झेरॉक्सच्या कापलेल्या कडेत असेल तर असेल.

शेवटी काळीजच लिहिलं, रोमन अक्षरांत,
खाली रेघ ओढली,
आणि घड्याळाकडं पाहिलं.
वीस मिनिटं होती अजून.