पाहुण्यांची सोय

बावीस वर्षं मी या शहरात
दुसऱ्यांच्या झोपेची व्यवस्था बघते.
दारावर पाटी आहे: फुर्लानी आणि पुत्र, कॉफी आयात, त्रिएस्ते.
पुत्रांपैकी ब्रुनेत्तो एकटा उरलाय,
तोही आठवड्यातले तीन दिवस डॉक्टरकडे.
पाहुणे येतात, करार करतात, जातात.
पाठ कुठे टेकायची ते मी ठरवते.

खोली कागदावर निवडता येत नाही.
जावं लागतं.
गादीत तळवा रोवून उचलायचा
आणि मोजायचं, खळगा किती आकड्यांत भरतो.
मग नळ सोडून उभं राहायचं.
धक्क्यावरच्या संगमरवरी हॉटेलात
गरम पाणी यायला एक मिनिट चाळीस सेकंद लागतात,
स्टेशनामागच्या बिझनेस हॉटेलात चकली फिरवली की हजर.
श्रीमंतीला घाई नसते.

माझी एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
ग्वाटेमालाचे भाऊ-भाऊ: खोल्या शेजारी नकोत, भांडतात.
फिनलंडच्या लेम्पीबाई, कॉफी भाजतात: खिडकी उघडणारी हवी,
जानेवारीतसुद्धा.
रॉटरडॅमचा विमेवाला: इस्त्रीचं टेबल. समुद्र नको.
का, ते मी विचारलं नाही.
तिसऱ्या खेपेला किल्ली घेताना तोच म्हणाला, माझा धाकटा भाऊ.
एवढंच.
तेव्हापासून त्याला आतल्या चौकाकडची खोली.
तिथून एक डाळिंबाचं झाड दिसतं
आणि कचऱ्याचे डबे.

समुद्र दिसायचे ऐंशी युरो जास्त पडतात.
माझे बाबा त्याच्याकडे पाठ करून
साठ-साठ किलोची पोती वाहायचे.
त्यांना तो फुकट होता.

आणि वारा.
फेब्रुवारीत डोंगरावरून बोरा सुटला
की मागच्या खोल्यांची तावदानं रात्रभर दात खातात.
हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं.
निळ्या वहीत असतं, लाल शाईनं.

या खेपेला झ्युरिकहून चौघं येताहेत.
बिया बघायला नाही. आम्हाला.
दोन रात्री राहतील, तिसऱ्या दिवशी पाटी त्यांची.
ब्रुनेत्तोनं यादी माझ्या हातात दिली
आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसला.
निवेस, म्हणाला, सोय नेहमीसारखीच.

धक्क्यावर गेले. नावच असं त्या जागेचं,
बसायचा तो आधीच बसलेला.
स्वागताच्या टेबलामागे झ्वोन्को. त्याला सगळं कळलं होतं;
बंदरात बातमी बोटीच्या आधी लागते.
खाली वाकून म्हणाला,
तीनशे बारा द्या त्यांना, लिफ्टच्या डोक्यावर.
पहाटेपर्यंत घरघरते,
पोटात कुणी दळत बसल्यासारखी.
बाकीच्या तिघांना मागची बाजू.
हवामानखात्यानं वारा सांगितलाच आहे.

मी हसले. खूप दिवसांनी इतकी.
मग वर गेले. गादीत तळवा रोवला.
सहा. भरला खळगा.
नळ सोडला आणि ते एक मिनिट चाळीस सेकंद
काठाला टेकून उभी राहिले.
बाहेर एक फेरी मागे सरत होती,
दोरखंड सोडणारा माणूस
ओल्या हातांनी सिगारेट पेटवायला बघत होता.

या हातांना वाईट खोली निवडता येत नाही.
चौथा मजला, समुद्राकडे, चारही.
उशा दोन मऊ, एक टणक.
लिहून दिलं.

माझ्या प्रत्येक पत्राला शेवटी एक ओळ असते,
बावीस वर्षं तीच:
हॉटेलातली सकाळची कॉफी घेऊ नका,
भांडं पाचपासून गरम पट्टीवर असतं.
मागच्या गल्लीत, चांभाराच्या पलीकडे, ओनोरिनाचा बार आहे.
काचेत कापो मागा.
निवेसनं पाठवलंय म्हणा.

झ्युरिकचं पत्र टाइप केलं, वाचलं,
सही केली, पाकीट चिकटवलं.
ते एका ओळीनं लहान आहे.